मेल्यानंतरची नोकरी

बोलू द्याल तर बोलतो. मी मायक्रोफिल्म रीडर आहे, ओळीतला शेवटचा, खिडकीजवळचा. पाठीत धपाटे खाऊन गप्प बसणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याने मला एकदा मारलं त्याला मी विसरत नाही. साप डूख धरतो म्हणतात. पण सापाला निदान बिळात तरी जाता येतं. मला त्याच माणसापुढे दिवसभर उजेड पाडत बसावं लागतं.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. पत्र्याचं अंग, पोटात दिवा, एक भिंग, उजव्या कुशीला हँडल आणि समोर पडदा. माझ्यात फिल्मचं रीळ लावून हँडल फिरवलं की जुन्या खानेसुमारीची, म्हणजे जनगणनेची, पानं पडद्यावर मोठी होऊन सरकतात. खालच्या खाचेत नाणं टाकलं की समोर दिसेल तेवढ्याची प्रत मी कागदावर काढून देतो. तरुणपणीच मला कॅलिफोर्नियात, सरकारी दप्तरखान्याच्या वाचनालयात आणून बसवलं. तिथे माझं आयुष्य गेलं.

सुरुवातीला कोणी फिरकत नसे. मग या देशाला पूर्वज शोधायचं वेड लागलं आणि माझ्यापुढे रांगा लागल्या. माणसाची एक गंमत मी तेव्हापासून पाहत आलो आहे. पूर्वज म्हणून प्रत्येकाला सरदार हवा असतो. निघतो तो कोळसा भरणारा, नाहीतर बायकोला टाकून दुसऱ्या गावी नाव बदलून राहिलेला. मग राग कोणावर काढायचा? पडदा दाखवणाऱ्यावर. मीही काही कमी नाही. असा माणूस बसला की मी ओळी थरथरवतो, दिवा फडफडवतो आणि त्याचं डोकं उठवून घरी पाठवतो.

माणसं वाचताना पुटपुटतात. ऐकून ऐकून मला पुष्कळ भाषा येऊ लागल्या. मराठी मला श्रीरंग माडबनकराने शिकवली, तीही शिव्यांपासून.

हा श्रीरंग १९८५ च्या वसंतात पहिल्यांदा आला. सनीव्हेलला चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठा अधिकारी, वय सत्तावन्न, बगलेत जाडजूड पुस्तक. ते पुस्तक म्हणजे माडबनकरांचा कुलवृत्तांत, सगळ्या घराण्याची वंशावळ. जुलैमध्ये अमेरिकेतल्या माडबनकरांचं संमेलन भरायचं होतं आणि त्यासाठी श्रीरंग कुलवृत्तांताची पुरवणी काढत होता. त्याच्या चुलत आजोबांनी, भानुदासांनी, १९०५ साली घर सोडून अमेरिका गाठली होती. ते इथे होते याचा सरकारी पुरावा मिळाला की आपलं घराणं ऐंशी वर्षांचं अमेरिकन ठरेल, असा त्याचा बेत. संमेलनाच्या पत्रिकेवर त्याने तसं छापूनही टाकलं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

त्याने १९१० ची खानेसुमारी मागवली. ती खुली होऊन तीनच वर्षं झाली होती. अनुक्रमणिकेत भानुदास नव्हते, कारण भाड्याच्या खोलीत राहणारे त्यातून पुष्कळदा गळतात. मग रस्त्यामागून रस्ता वाचत जाण्याला पर्याय नसतो. पण कुठले रस्ते? माडबनकर ब्राह्मण, शिकलेलं घर, म्हणजे आजोबा विद्यापीठाजवळच राहिले असणार, असं श्रीरंगाने धरलं. विद्यार्थ्यांची वसतिगृहं, प्रोफेसरांच्या आळ्या, सगळं त्याने चाळलं. भानुदास सापडेनात तसे धपाटे माझ्या पाठीत पडू लागले. एकदा तर त्याने बुटाने माझं टेबल ढकललं. मी ते मनात ठेवलं.

काही आठवड्यांनी त्याच आडनावाच्या कामासाठी दुसरं कोणी आलं. सुलेखा, पन्नाशीची, दातांच्या दवाखान्यात काम करणारी. भानुदास तिच्या आईचे वडील. होय, त्यांना एक मुलगी होती. कुलवृत्तांतात मात्र त्यांच्या नावापुढे ‘निपुत्रिक’ असं छापलं होतं, कारण मुलगी म्हणजे अपत्य नव्हे असा त्या पुस्तकाचा हिशेब. त्याच ओळीत पुढे ‘बोट बुडून निधन, पालाशविधी १९०९’ असंही होतं.

पालाशविधी म्हणजे काय ते मला सुलेखाच्या बोलण्यातून कळलं. माणूस परागंदा झाला आणि देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. मग मागे राहिलेली बायको विधवा. त्यासाठी बारा वर्षं वाट पाहायची असते. भानुदासांच्या थोरल्या भावाने, म्हणजे श्रीरंगाच्या सख्ख्या आजोबाने, विसाजीने, चारच वर्षांत उरकलं. त्याने बोट बुडाल्याचं गावात सांगितलं, पानं जाळली आणि परसात न्हावी बोलावून भानुदासांच्या बायकोचं, रमाबाईंचं, डोकं करून घेतलं. भानुदासांच्या वाट्याची सुपारीची बाग विसाजीच्या वाट्यात गेली. रमाबाई पुढे मरेपर्यंत विधवेच्या लाल आलवणात त्याच घरच्या चुलीपुढे राबल्या. त्यांची मुलगी राधा तेव्हा चार वर्षांची होती. परसात पडलेले आईचे केस तिने पाहिले होते.

राधाबाई आता ऐंशीच्या होत्या आणि सुलेखाकडेच राहत होत्या. श्रीरंगाच्या संमेलनाची पत्रिका घरी आली तेव्हा त्या लेकीला म्हणाल्या की पळून गेलेला माणूस कॉलेजात जात नसतो, जिथे नाव-गाव न विचारता काम देतात तिथे जाऊन बघ. म्हणून सुलेखाने विद्यापीठाचं रीळ हातातही धरलं नाही. खाडीकाठचे कारखाने, धक्के, कत्तलखाने आणि त्यांच्या आजूबाजूच्या खाणावळी ती शनिवारमागून शनिवार वाचत राहिली. तिने माझ्यावर कधी हात उगारला नाही. मी तिच्यासाठी ओळ धरून ठेवत असे.

आणि एका शनिवारी भानुदास पडद्यावर आले. वय अठ्ठावीस, जन्म हिंदुस्थान, भाषा मराठी. सुलेखा हसली नाही की रडली नाही. ती फोन करायला बाहेर गेली.

पुढच्या शनिवारी तिघं माझ्यापुढे बसली. राधाबाईंच्या अंगात पातळावर लेकीचा स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. श्रीरंग आनंदाने फुलला होता.

“नाइन्टीन फाइव्ह! बघा आत्या, क्लिअर लिहिलंय. एटी इयर्स झाली आपल्याला इथे.”

मग त्याची नजर बाजूच्या रकान्यांवर गेली आणि फुललेला चेहरा जरा उतरला. खानेसुमारीचं पान रुंद असतं, माझ्या पडद्यावर एका वेळी अर्धंच मावतं, त्यामुळे प्रतही दोन तुकड्यांत निघते. डाव्या अर्ध्यात भानुदासांचं नाव होतं, आणि शेजारीच ‘विवाहित, सहा वर्षं’. उजव्या अर्ध्यात अमेरिकेत आल्याचं साल होतं, आणि शेजारी धंदा, कत्तलखान्यात कामगार. नाव हवं तर बायकोही घ्यावी लागत होती आणि साल हवं तर कत्तलखानाही. श्रीरंगाने फिल्म सरकवून नुसतं नाव पडद्याच्या कडेला आणायची खटपट केली. माझ्या हँडलच्या चाकाचा दात अडकला. अडकला कसला, मी अडकवला.

“घेतलंस तर सगळं घ्यावं लागेल,” राधाबाई म्हणाल्या. मग अगदी साध्या सुरात त्यांनी विचारलं, “पण काय रे, तो इकडे पोचला हे तुला कळलं कुठून?”

ही श्रीरंगाची आवडती गोष्ट होती. तो खुर्ची ओढून सांगायला बसला. म्हाताऱ्या विसाजीआजोबांनी ती नातवंडांना कितीदा तरी सांगितली होती. श्रीरंगाच्या वडिलांच्या मुंजीच्या दिवशी, पंगती बसल्या असताना, मालवणचा एक खलाशी दारात आला आणि भानू सॅन फ्रान्सिस्कोत सुखरूप आहे, असा भावाला निरोप देऊन गेला. आजोबांनी त्याला पोटभर जेवू घातलं, जाताना लाडू बांधून दिले. सांगता सांगता श्रीरंगाचे डोळे भरून आले.

राधाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

“मुंज कधीची तुझ्या बापाची?”

“नाइन्टीन एट. कुलवृत्तांतात तिथीसकट आहे.”

“आणि माझ्या बापाला अग्नी दिला कधी?”

श्रीरंगाला ते पाठ होतं, तरी त्याने पुस्तक उघडलं. एक बोट वडिलांच्या पानावर आणि एक भानुदासांच्या पानावर ठेवून तो दोन्ही सालं पुन्हा पुन्हा वाचू लागला. आजोबांनी ही गोष्ट रमाबाई गेल्यानंतरच सांगायला सुरुवात केली होती. ऐकणाऱ्या कोणीही दोन सालं शेजारी ठेवून पाहिली नव्हती, आणि श्रीरंग तर इंजिनियर. मला तेव्हा इतका आनंद झाला की दिवा जरा जास्तच पेटला असेल.

“आत्या, आजोबा देवमाणूस होते. त्यांचा फोटो आहे पहिल्या पानावर.”

“असू दे. फोटो काढ म्हणत नाही मी. माझ्या बापाच्या नावापुढे खरं काय ते लिही. अग्नी कोणी दिला ते नावानिशी लिही, आणि तो जिवंत आहे हे ठाऊक असून दिला, तेही लिही.”

श्रीरंगाने खूप सांगून पाहिलं. मॅटर प्रेसला गेलंय, लोक काय म्हणतील, इतकी वर्षं झाली, आता गेलेल्यांना कशाला उकरायचं. त्यापेक्षा राधाआत्यांचं नाव घालतो, रमाबाईंचंही घालतो, हवं तर संमेलनात आत्यांचा शालजोडी देऊन सत्कार करू. सुलेखा म्हणाली, “श्रीरंगदादा, शाल आजीला हवी होती. तिच्या डोक्यावर.”

शेवटी राधाबाईंनी त्याला पर्याय दिला. “छापायचं नसेल तर नको छापूस. संमेलनाला मी येतेच आहे. तिथे मी बोलेन. ऐंशी वर्षांच्या बाईच्या हातून माइक कोण काढून घेतो ते बघू.”

श्रीरंगाने दोन्ही अर्ध्या प्रती निमूट काढल्या. त्या दिवशी माझ्यातून निघालेला कागद फार स्वच्छ होता. त्याच्यासाठी मी इतकं मन लावून कधी काम केलं नव्हतं.

उन्हाळा गेला. वाचनालयात विजेवर फिरणारी नवी यंत्रं आली आणि माझ्या पत्र्यावर लिलावाची चिठ्ठी लागली. जुन्यांना काढताना माणसं निरोपही घेत नाहीत, त्याचाही राग मी ठेवलाच असता. पण एका दुपारी सुलेखा आईला घेऊन आली आणि वाचनालयाच्या बाईंना विनंती करून पुन्हा माझ्याच पुढे बसली. हातात छापलेली पुरवणी होती. आईचा चष्मा नीट बसवून देत तिने ती ओळ वाचून दाखवली.

“भानुदास. १९०५ साली अमेरिकेस प्रयाण. १९०९ साली बंधू विसाजी यांनी, भानुदास हयात असल्याचे ठाऊक असूनही, पालाशविधी करून अग्नी दिला. त्यानंतर एका वर्षाने भानुदास कॅलिफोर्नियात कत्तलखान्यात नोकरीस होते. पत्नी रमाबाई. कन्या राधा.”

राधाबाईंनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. संमेलनात विसाजीच्या नातवंडांनी जेवणं अर्ध्यावर टाकली होती, कोणी श्रीरंगाशी बोलेनासं झालं होतं, हे सुलेखाने सांगितलं तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली. दया वगैरे काही त्यांच्या तोंडावर मला दिसली नाही, आणि ती नसावी असंच मलाही वाटत होतं.

मग त्यांनी ते रीळ लावायला सांगितलं. भानुदास पडद्यावर आले. सुलेखाला वाटलं, आईचं मन आता शांत झालं असेल. ती म्हणाली, आजोबांनी गणतीवाल्याला विवाहित म्हणून सांगितलं, म्हणजे आजी त्यांच्या मनात होती. सात वर्षांनी १९२० ची खानेसुमारी खुली होईल, तेव्हा पुढचं शोधू.

राधाबाई पडद्याकडे बघत होत्या. जन्मात न पाहिलेल्या बापाशी त्या पहिल्यांदाच बोलल्या.

“परक्या माणसाला सांगितलंस लग्न झालंय म्हणून. निरोप धाडलास तो भावाला. बायकोला नाही.”

त्यांनी लेकीचा हात बाजूला केला आणि माझं हँडल स्वतः धरलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या जोराने ते कोणी फिरवलं नव्हतं, आणि तरी मला दुखलं नाही. खाणावळ गेली, रस्ता गेला, गाव गेलं. शेवटी फिल्मचं टोक सुटून फटफट वाजू लागलं आणि पडदा कोरा झाला. सुलेखाने रीळ डबीत घातलं.

“पुढचं शोधायचं नाही,” राधाबाई म्हणाल्या. “तो आज गेला. चल घरी, मला डोक्यावरून आंघोळ करायची आहे.”

दोघी गेल्या. वाचनालयाच्या बाईंनी माझा दिवा बंद केला आणि वायर गुंडाळून ठेवली. उद्या मला न्यायला गाडी येणार आहे. येऊ दे.