रामीबाईचे दगडी दात

मी एक जुना पाटा आहे, मित्रांनो. जुना असलो तरी तोऱ्यात आहे. आसेगावजवळच्या तांड्यावर, कस्तुराबाईच्या चुलीशेजारी माझं बस्तान. पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं, जोडीला वरवंटा दिला. आम्ही दोघं चटण्या वाटायचो, पाहुणे बोटं चाटायचे आणि कौतुक मात्र कस्तुराबाईचं व्हायचं. चालायचंच.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात माझ्यावर धूळ बसली. कस्तुराबाईच्या म्हाताऱ्या सासूचे, रामीबाईचे, बरेच दात पडले होते. हिरड्यांतून रक्त यायचं, तोंड तर सारखंच यायचं. सून मोठी मायेची. सासूला चावायचा त्रास नको म्हणून तिने भाजीपाला बंद केला आणि दोन्ही वेळा नुसती मऊ घाटी, म्हणजे ज्वारीच्या पिठाची पेज, सुरू केली. घरातलं वाटणच थांबलं. तोंड काही बरं होईना. आणि फाल्गुनात तर नातीचं, बेबीचं, लग्न. निरोपाच्या वेळी नवरीला कवटाळून गायचा ढावलो तांड्यात रामीबाईसारखा कुणालाच येत नव्हता.

"मले तोंड उघडता येत नाई, गाऊ कशी?" म्हणत ती डोळे पुसायची. माझा जीव तुटायचा हो.

अशात लग्नाच्या बांगड्या घेऊन शेलूबाजारची हुस्नाबानो आली. तिने रामीबाईच्या वाटीत डोकावून पाहिलं.

"हे काय देऊन राह्यली तू बुढीले? पाला नाई, आवळा नाई. माह्या अम्माचं बी असंच झालं होतं."

"चावता येत नाई ना त्याईले," कस्तुराबाई म्हणाली.

"मंग पाटा कायले ठेवला? आवळा उकड, सांबार घे, तीळ घे, लोण्यावानी वाट. मिरची नको टाकू."

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, बरं का. पण इतकी वर्षं वाटून वाटून मी असा गुळगुळीत झालो होतो, की पाला नुसता घसरत होता. मग टाकीवाला आला, त्याने छिन्नीने ठोकून मला पुन्हा खडबडीत केलं. लोकांना वाटतं दुखत असेल. छे, गुदगुल्या होतात.

मग रोज हिरवं वाटण. कधी आवळा, कधी उकडलेला शेवग्याचा पाला. पहिल्या घासाला झोंबलं तेव्हा रामीबाईने मलाच शिव्या घातल्या. हळूहळू रक्त थांबलं, तोंड येणं कमी झालं. माघात ती मीठ कमी पडलं म्हणून सुनेला ओरडली आणि कस्तुराबाई आनंदाने रडली.

लग्नात बेबीला मिठी मारून रामीबाईने ढावलो धरला. सगळा तांडा रडला. बैल जुंपून झाले, वरपक्ष ताटकळला, म्हातारी थांबेचना. शेवटी नवरीच रडता रडता हसली, "आजी, आता तं जाऊ दे मले."

मित्रांनो, तुमच्या घरचं म्हातारं माणूस नुसतं मऊ मऊ गिळत असेल, तर त्याच्या ताटात हिरवं काही आहे का ते आजच बघा. नसेल तर पाटा धुवायला घ्या. आम्हाला चावायचा कंटाळा नाही.