मूल एक, वय बारा

मोरेश्वर मास्तरांना राग यायला कारण लागत नाही, हे सौंसरात कोणीही सांगेल. पेपर ओल्या ओट्यावर पडला की राग, चहा गार आला की राग, शेजारच्याचा टीव्ही मोठ्यानं लागला की राग. चौतीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडून जो आवाज चढला, तो रिटायर झाल्यावरही उतरला नाही. पण त्या बुधवारी सकाळी त्यांचं जे टाळकं सरकलं, त्याला मात्र कारण होतं. असं कारण, की तुमच्या-माझ्या घरात घडलं असतं तर आपण लॅपटॉप उचलून सरळ विहिरीत टाकला असता.

लॅपटॉप मंगेशनं दिलेला, म्हणजे मास्तरांच्या मुलानं. मंगेश इंदूरला विम्याच्या कंपनीत असतो. स्वतः नवा घेतला अन् जुना बापाला दिला. दोन-तीन महिन्यांनी त्यावर लाल अक्षरांत यायला लागलं, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. मास्तर घाबरले, कारण पेन्शनचे, बँकेचे सगळे कागद त्यातच होते. दुकानदार म्हणाला, वर्षाचे पैसे भरा अन् चांगलं अँटिव्हायरस घ्या. मास्तर म्हणाले, बघतो. अन् घरी येऊन फुकटातलं शोधत बसले. फुकट ते पौष्टिक, ही आपली जुनीच खोड.

पहिल्यानं आधी फोन नंबर मागितला, मग घरचा पत्ता. "तुले कायले पाहिजे रे माझा पत्ता? तू काय जेवाले येणार आहे?" असं मास्तर स्क्रीनला म्हणाले अन् ते बंद केलं. दुसऱ्यानं न विचारता आपल्यासोबत आणखी तीन सॉफ्टवेअरं आणून बसवली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! ती काढता काढता एक दुपार गेली. तिसऱ्याच्या अटी मास्तर वाचायला बसले. बेचाळीस पानं, सगळी इंग्रजीत. हेडमास्तर माणूस, वाचल्याशिवाय सही करायची नाही ही आयुष्यभराची सवय. डिक्शनरी घेऊन नऊ पानं झाली, तेव्हा एवढंच कळलं की तुम्ही काय पाहता, काय शोधता, ते आम्ही आमच्या 'भागीदारांना' देऊ शकतो. कोण भागीदार, कुठले, त्याचा पत्ता कुठंच नाही.

शेवटी मंगेशला फोन लावला.

"बाबा, तुम्ही अटी वाचून राहिले?" मंगेश हसायलाच लागला. "दुनियेत कोणी वाचत नाही. थांबा, मी इथूनच टाकून देतो."

इंदुरात बसून त्यानं बापाच्या स्क्रीनवरचा बाण फिरवला, बापाचा फोन नंबर टाकला, चार ठिकाणी टकटक 'हो' म्हटलं, अन् खालच्या कोपऱ्यात हिरव्या ढालीचं चित्र येऊन बसलं. "झालं. आता बिनधास्त राहा," म्हणाला.

मास्तर बिनधास्त राहिले, अन् तिथंच फसले. कारण त्या दिवसांत त्यांच्या मनात एक गोष्ट होती, जी त्यांनी जिवंत माणसाला सांगितली नव्हती.

गोष्ट म्हणजे पांढुर्ण्याच्या छायाबाई. नवरा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता, आठ वर्षांपूर्वी गेला. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मास्तरांची शेवटची शाळा पांढुर्ण्याची, म्हणून पेन्शनचं खातंही तिथंच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेले, तर रांगेत पुढं या बाई. "आपण जिवंत आहो हे कोणाले तरी दरसाल सांगावं लागते, हे बरंच आहे जी," असं त्या सहज म्हणाल्या, अन् मास्तर कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. त्यानंतर दर रविवारी मास्तरांना लेकीची आठवण यायला लागली. लेक अमिता पांढुर्ण्यातच दिलेली. तासभर तिच्याकडे बसायचे, मग जुन्या मित्राला भेटून येतो म्हणून निघायचे अन् छायाबाईंकडे चहा घ्यायचे.

लग्न करायचं दोघांचं ठरलं होतं. छायाबाईंची अट एकच होती.

"माझी वृषाली सातव्या महिन्यात आहे. पहिलं बाळंतपण, माहेरी यायची आहे. ते सुखरूप होऊ द्या. मग तिच्याजवळ बसून, माझ्या तोंडानं मी तिले सांगीन. तोवर या कानाचं त्या कानाले नको."

मास्तरांनी शब्द दिला अन् पाळला. लेकीला नाही, मुलाला नाही, देवळातल्या मित्रांनाही नाही. लॅपटॉपला मात्र विचारलं. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर नवऱ्याची पेन्शन बंद होते का? आरोग्य विभागाचा नियम काय? पांढुर्ण्यात लग्नाची नोंदणी कुठं होते? साठीनंतर कागद कोणते लागतात? माणसाला विचारलं तर गावभर बोभाटा होतो, म्हणून बिचाऱ्यानं मशीनला विचारलं.

पंधरा दिवसांत फोन सुरू झाले. इस्त्रीच्या दुकानात चारचौघांत उभे असताना एक पोरगी गोड आवाजात हिंदीत विचारते, सर, या वयात सोबत हवी असेल ना? दुसरा म्हणतो, पेन्शनचा सल्ला देतो. लॅपटॉपवर बातम्या उघडल्या की बाजूला गळ्यात हार घातलेले म्हातारा-म्हातारी दात काढून हसताहेत. मास्तरांना कळेना की आपल्या मनातलं यांना कळलं कसं. मग एक दिवस ती नऊ पानं आठवली. भागीदार! राखणीला ठेवलेला गडीच भिंतीला कान लावून बसला होता. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, अन् मालक त्या कुंपणाच्या भरवशावर झोपला होता.

म्हणून त्या बुधवारी मास्तर ढाल उपटून फेकायला बसले. 'काढून टाका' वर दाबलं. ढालीनं लाडात येऊन विचारलं, का बरं जाता? कारण निवडा. मास्तरांनी 'इतर' निवडलं अन् त्या चौकटीत एका बोटानं टाइप केलं, 'तुम्ही चोर आहात.' पुढं दाबलं, तर स्क्रीनवर आलं ते इंग्रजीत होतं, पण तेवढं इंग्रजी मास्तरांना येत होतं.

'मूल १ (बाबा, वय १२) यांना हे सॉफ्टवेअर काढण्याची परवानगी नाही. तुमची विनंती पालकांकडे पाठवली आहे.'

मास्तरांनी चष्मा पुसला अन् पुन्हा वाचलं. बाबा, वय बारा. अर्ध्या मिनिटात फोन वाजला. मंगेश होता.

"बाबा, ते काहून काढून राहिले तुम्ही?"

"मी बारा वर्षांचा आहो का बे?"

"अं? ते होय! अहो, फुकटात एकच मोठा माणूस बसते त्यात. दुसऱ्या मोठ्याचे पैसे लागत होते. लहान मुलं दोन फुकट होती, म्हणून तुम्हाले मुलाच्या जागी टाकलं. नुसतं नावाले."

"अन् पालक कोण?"

मंगेश दुसरंच काही सांगायला लागला.

"पालक कोण, विचारून राहिलो मी!"

"मी," मंगेश म्हणाला. "दर सोमवारी मले रिपोर्ट येते. मुलानं काय पाहिलं, काय शोधलं."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज त्यांनी मुद्दाम दाबून ठेवला. हळूच विचारलं, "वाचलं?"

"आधी नव्हतो वाचत. मग एकदा लाल खूण आली. मूल वयाला न शोभणारं पाहून राहिलं म्हणे. पाहतो तं लग्नाचं! मी घाबरलो बाबा. म्हटलं कोणी लुबाडणारी बाई मागं लागली. म्हणून अमिताले सांगतलं."

"अमिताले काय सांगतलं?"

"नाव कुठंच नव्हतं, तुमची शपथ. पण विधवा, दवाखान्याची पेन्शन, पांढुर्णा, अन् तुमचा रविवार. अशा किती बायका असतील तिथं? तिनं पाच मिनिटांत ओळखलं. अन् ती अन् वृषाली एकाच कॉलेजात होत्या, तं काल तिनं वृषालीले फोन केला..."

"अरे नालायका!" आता दाबलेला आवाज सुटला, अन् असा सुटला की रस्त्यावरचा भाजीवाला थांबून पाहायला लागला. "आठ महिन्यांची पोटुशी पोर ती! तिच्या आईनं तिले सांगायचं होतं. मले सुद्धा ते बोलायचा हक्क नव्हता, अन् तुम्ही दोघं कोण? मी मरून गेलो का वेडा झालो, की माझ्या मागं पहारा बसवला?"

"तुमच्या भल्यासाठीच केलं ना," मंगेशही तापला. "अन् आमचं कोणी विचारलं होतं बाबा? अमिताच्या मैत्रिणींची पत्रं तुम्ही फोडून वाचत नव्हते? मी बाप आहो, म्हणत होते ना?"

ते खरं होतं. राग त्यानं कमी झाला नाही, उलट त्याला जायला जागा राहिली नाही म्हणून आणखीच फणफणला.

"बरं, मी परवानगी देतो," मंगेश नरमला. "काढून टाका. पैसे भरून दुसरं चांगलं घेऊ."

"तुझी परवानगी तुझ्यापाशीच ठेव!" म्हणून मास्तरांनी फोन आपटला, पायात चपला सरकवल्या अन् स्टँडवर जाऊन पांढुर्ण्याची मिळेल ती बस धरली.

वाटेत जामसांवलीला, मारुतीच्या देवळापाशी, अर्धी बस रिकामी झाली. एरवी मास्तर बसूनच मारुतीला हात जोडतात. त्या दिवशी हात खिशातच राहिले. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ते एकच जुळवत होते, की छायाबाईंना काय सांगायचं. मी नाही सांगितलं. मशीननं सांगितलं. मुलानं सांगितलं. मनातल्या मनात म्हणतानाही ते पोराटोरांच्या सबबीसारखं वाटत होतं.

छायाबाईंचं दार उघडं होतं. जमिनीवर पेपर पसरून त्यांनी लेकीच्या लाडवांसाठी डिंक अन् खारीक वाळत घातली होती, अन् आता त्या ते सगळं गोळा करून डब्यात परत भरत होत्या.

"या मास्तर. गावभर तं झालं, आता उंबऱ्यात काहून उभे?"

"छायाबाई, मी कोणाले..."

"सकाळी वृषालीचा फोन होता." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "म्हणे, मी येत नाही माहेरी. बाळंतपण सासरीच करीन. परक्याच्या तोंडून समजलं मले, म्हणे. नणंद समोर बसली होती तेव्हा फोन आला अन् तिच्यादेखत ऐकावं लागलं. असं म्हणून ठेवून देल्ला फोन."

मास्तरांनी ढालीचं सांगितलं, रिपोर्टचं सांगितलं, वय बाराचंही सांगितलं. छायाबाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या कपाळावरची शीर काही खाली बसली नाही.

"म्हणजे मशीनले सांगतलं ना तुम्ही? माझी पेन्शन, माझं वैधव्य, माझं गाव, सगळं त्या डब्यात टाकलं. मले विचारलं होतं?"

"तुमच्याचसाठी पाहून राहिलो होतो..."

"माझ्यासाठी! तुमचा पोरगा बी हेच म्हणत असंल, बाबासाठी केलं. अमिता बी हेच म्हणंल." त्यांनी डबा बाजूला सारला. "आठ वर्षं एकटी राहिली मी मास्तर. मोठ्यानं हसली तरी लोकं खिडकीतून पाहत. माझं म्हणावं असं काय होतं माझ्याजवळ? ही एकच गोष्ट होती. पोरीले कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं, ते मी रोज भाकरी थापता थापता ठरवत होती. ते बी घेऊन गेले तुम्ही सगळे."

मास्तर खाली बसले. जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, ती मागितली. मग म्हणाले, "फोन लावा. मी बोलतो वृषालीशी. सगळं माझ्यावर घेतो."

"खबरदार!" छायाबाई एवढ्या जोरानं ओरडल्या की मास्तर दचकून उभे राहिले. "त्या डब्यानं सांगतली, तुमच्या पोरानं सांगतली, पोरीनं सांगतली. आता तुम्ही बी सांगा माझी गोष्ट! मी काय मेली आहे?"

त्यांनी स्वतःच फोन घेतला अन् लावला. तिकडून कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लावला. या वेळी कापला गेला नाही.

"वृषाली, ठेवू नको वं माय," छायाबाई म्हणाल्या. "आता माझ्याकडून ऐक."

तेवढं कानावर पडलं अन् मास्तर वळले. बाहेर आले, मागं दार ओढून घेतलं. ओट्यावरही आवाज येत होता. म्हणून ओटा उतरले, रस्ता ओलांडला, अन् जिथं काहीच ऐकू येत नाही तिथं विजेच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले.

शेजारची शीतल हातात वाटी घेऊन निघालीच होती. "काय मास्तर, बाहेर काहून? काकू घरात आहेत ना? काल अमिताकडं काहीतरी ऐकलं बाई मी..." अन् सरळ दाराकडे चालायला लागली.

मास्तर आडवे आले. "आहेत. पण आता तिकडं जायचं नाही."

"काहून जी? कोणाशी बोलून राहिल्या?"

"ते त्यांचं त्यांले माहीत!" चौतीस वर्षांचा आवाज एकदाच लागला, अन् शीतल वाटी सांभाळत आल्या पावली परत गेली. मास्तरांच्या खिशात मंगेशचा फोन तीनदा वाजला. त्यांनी उचलला नाही.

पाऊण तास मास्तर तसेच उन्हात उभे होते. आत मायलेकी काय बोलल्या, कोण रडलं, कोण कोणावर चिडलं, ते त्यांनी तेव्हा ऐकलं नाही अन् नंतर कधी विचारलंही नाही. त्यामुळे मलाही माहीत नाही, अन् माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं.