वाळवणघरातले दोन कप

वाळवणघरात अकरा सोललेली मेंढरं वाऱ्यावर मुरायला टांगलेली होती. त्यांतल्या चारांच्या मांडीवर नखाएवढी ताजी खाच होती. खाली एक स्टूल, एक सुरी आणि दोन कप. दोन्ही कपांच्या तळाशी कॉफी अजून कोमट होती.

सुन्वाने खाचा पुन्हा पाहिल्या. त्यांचा उतार उलटा होता. डावखुऱ्या हाताने सुरी चालवली की असा उतार पडतो. घरात डावखुरं कोणी नव्हतं. गावात वेगळा राहणारा दीर, हानुस, मात्र डावखुरा होता.

घरात तिचा नवरा ब्रांडुर खिडकीशी बसला होता.

"कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"वारा. रोजच येतो."

"वारा कॉफी पितो वाटतं."

"मीच दोनदा प्यायलो. पहिला कप कुठे ठेवला ते विसरलो. डोकं फुटलेल्या नवऱ्याला एवढं तरी माफ कर."

अडचणीचं काही विचारलं की तो डोकं पुढे करायचा, हे हल्ली तिच्या ध्यानात आलं होतं. त्याची स्मरणशक्ती ठणठणीत होती. ऑक्टोबरात डोंगरावरून मेंढरं खाली हाकताना ओल्या गवतावर त्याचा पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू खडकावर आपटली. तोरशावन शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी त्याला चालवून पाहिलं, उलटे आकडे म्हणायला लावले, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. सगळं बरोबर आलं, म्हणून घरी सोडलं.

घरी आलेला माणूस मात्र तिला अनोळखी वाटत होता. एकदा चुलीवर दूध करपून पातेलं काळं पडलं, तरी हा पाठमोरा बसून पेपर वाचत राहिला. नासलेली साय त्याने मुकाट खाल्ली. दोन वर्षांच्या लेकीने, रूनाने, लंगोट भरला तरी हा तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत बसायचा. आळस म्हणावा, तर मेंदूतलं काही बिघडलंय की काय अशी भीती. आणि त्यात हा हानुस. ब्रांडुर खाटेवर असतानाच तो म्हणाला होता, "डोंगर आता तुझ्याने व्हायचा नाही. मेंढरांचा तुझा हिस्सा मला दे." ब्रांडुरने त्याला खोलीबाहेर काढलं होतं. मग आता दोघं चोरून भेटून काय ठरवत होते?

सोमवारपासून सुन्वाची बहीण कामावर जाणार होती. रूनाला सांभाळायला ब्रांडुरच उरत होता. जो माणूस दोन कपांबद्दल खोटं बोलतो, त्याच्यापाशी पोर ठेवायची कशी?

दुसऱ्या दिवशी रूनाला बहिणीकडे सोडून ती मासे तपासायच्या प्रयोगशाळेत गेलीच नाही. उशिरा येते असं कळवून मागच्या पायवाटेने परतली. वारा खेळावा म्हणून वाळवणघराच्या फळ्यांत बोटभर फटी ठेवतात. ती फटीशी उभी राहिली.

"नीट सांग. कालच्यापेक्षा जास्त?" आवाज ब्रांडुरचा.

"जास्त म्हणजे, उग्र आहे," हानुस म्हणाला.

"उग्र हा काय वास झाला? आंबूस असतो, कुबट असतो, सडका असतो. यातला कोणता?"

"मी पडलो दुकानातून मांस आणणारा. तूच चारचौघांत म्हणायचास, हानुसला नाक दिलंय ते चष्मा ठेवायला."

"म्हणायचो. आता माझ्याकडे तेवढ्यापुरतंच उरलंय. तू हुंग."

सुन्वाने दार ढकललं. हानुसच्या डाव्या हातात सुरी होती आणि सुरीच्या टोकावर मांसाची कपची. चोरी पकडल्यासारखा तो स्टुलामागे सरकला.

"हिस्सा मागायला नव्हतो आलो, वहिनी," तो म्हणाला. "यानेच बोलावलं. नाताळाआधी मांस मुरलं की सडलं ते हुंगून सांगायला अख्खं गाव याला बोलावतं. नाही म्हणाला तर लोक विचारणार."

सुन्वा नवऱ्याकडे बघत होती. "कधीपासून वास येत नाही तुला?"

"इस्पितळातली कॉफी पाण्यासारखी लागायची. मला वाटलं, इस्पितळाचीच आहे ती."

"आणि करपलेलं दूध?"

त्याने हानुसच्या हातातली सुरी घेऊन स्टुलावर ठेवली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सोमवारमुळे," ब्रांडुर म्हणाला. "तू रूनाला माझ्याजवळ ठेवलं नसतंस."

हिस्स्याची शंका गेली. तिच्या जागी दुसरी येऊन बसली. आत्ता तरी तो सगळं सांगत होता का?

"पण येतोय परत," तो घाईने म्हणाला. "काल व्हिनेगरचा वास आला मला. बाटली उघडली आणि लगेच कळलं."

"व्हिनेगर झोंबतं, ब्रांडुर. ती नस वेगळी. नाक पूर्ण गेलेल्यालाही ते कळतं."

"मग तपास. दिवसभर मासे तपासतेस, एकदा मला तपास."

स्वयंपाकघरात तिने आठ बरण्या मांडल्या: कॉफी, व्हिनेगर, माशाचं तेल, डांबर, साबण, करपवलेलं दूध, वाळवणघरातलं मांस आणि रूनाची लोकरी टोपी. नावं ब्रांडुरला सांगितली, क्रम सांगितला नाही. तो हानुसने चिठ्ठ्या काढून ठरवला. तिची चाहूलही उत्तर सुचवेल, म्हणून बरण्या हानुसनेच पुढे धरायच्या आणि कोणी बोलायचं नाही, असं ठरलं.

"दूध ओळखलंस तर रूना सोमवारी घरी," ती म्हणाली. "बाकीचं चुकलं तरी चालेल."

हानुसने भावाचा चष्मा काढून डोळ्यांवर मफलर बांधला. "आता चष्माही नाही. नाकाला सुट्टीच."

"गप, दुकानी नाकाच्या. धर बरणी."

ब्रांडुरने प्रत्येक बरणीवर वाकून दोनदा खोल श्वास घेतला आणि उत्तर दिलं. सुन्वा दाराशी उभी राहून उत्तरं लिहीत होती. सहाव्या बरणीपाशी तो बराच वेळ थांबला. त्याचा चेहरा सैल झाला.

"ही रूनाची टोपी," तो म्हणाला. "ही नक्की."

हानुसने सुन्वाकडे पाहिलं, मग बरणीतल्या करपलेल्या दुधाकडे. सुन्वाने उत्तर लिहिलं.

सातवी झाली, आठवी झाली. ब्रांडुरने स्वतःच मफलर सोडला.

"किती?"

"आठपैकी एक," सुन्वा म्हणाली. "व्हिनेगर."