शिंपिणीची खोली

अक्काने स्वतः केली नाही अशी एकही वस्तू त्या कंपनीच्या गेममध्ये नव्हती, आणि नव्या माणसाला हे ती पहिला चहा संपायच्या आत सांगायची. खुर्ची असो, दाराची कडी असो, नाहीतर भिंतीवरचा ओलीचा डाग असो, सगळं तिने कॉम्प्युटरवर घडवलेलं, तिनेच रंगवलेलं. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पाच जणांची ती कंपनी. त्यात वयाने ही मोठी, म्हणून अक्का. मालक तिच्याहून बराच लहान, पण बोटीवर उभा असल्यासारखे हुकूम सोडायचा, म्हणून कप्तान.

नवा गेम कुलपं उघडून देणाऱ्या कारागिराचा होता. तो गल्लीतल्या एकेका घरी जातो, अडकलेलं कुलूप काढून देतो, आणि आतल्या सामानावरून खेळणाऱ्याने ओळखायचं की इथे कसली माणसं राहतात. कल्पना झकास होती, पण घरं म्हटली की सामान आलं. अक्काने मान मोडून काम केलं तरी दोनच घरं सजून तयार झाली. बाकीची गल्ली रिकामी ती रिकामीच.

एके सकाळी कप्तान तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"अक्का, घरगुती सामानाचा एक तयार संच विकत घेतलाय. शेकडो मॉडेलं आहेत. उचलायची आणि मांडायची."

"कोणी केलीत?"

"वेगवेगळ्या लोकांनी. ऑनलाइन दुकानात मिळतात, कोणीही घेऊ शकतं."

"तेच म्हणतेय मी. कोणीही घेऊ शकतं. म्हणजे आपली गल्ली आणि दुसऱ्याची गल्ली सारखीच दिसणार."

"आणि तू एकटी करत बसलीस तर आपली गल्ली होणारच नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. अक्का स्क्रीनकडे वळली.

नावं ठेवायच्या तयारीनेच तिने संच उघडला. कपाट ठीक होतं. पलंगाचं लाकूड चॉकलेटचं वाटत होतं. बादली म्हणजे बादली, तिच्यात काय बघायचं? असं एकेक नापास करत ती पायाने चालवायच्या शिलाई मशीनपाशी आली आणि तिचा हात थांबला.

मशीनचा काळा रंग सगळीकडून सारखा उडवलेला नव्हता. जिथे शिवणाऱ्याचं मनगट टेकतं तेवढीच जागा घासून चकचकीत झाली होती. अक्काने मॉडेल फिरवून खालून पाहिलं. फळीच्या खालच्या बाजूला, जिथे कुठल्याही खेळणाऱ्याची नजर जाणार नाही तिथे, पट्ट्यावरून उडालेल्या तेलाचा डागसुद्धा होता. चाक वेगळं, पट्टा वेगळा, पायडल वेगळं. कोणी हलवायचं मनावर घेतलं तर यंत्र खरोखर चालेल असं. करणाऱ्याचं दुकानातलं नाव होतं 'दोन सुया'.

"हे ज्याने केलंय ना," शेजारी बसणाऱ्या प्रोग्रामरला ती म्हणाली, "त्याला आपलं काम येतं."

अक्काच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाबद्दल असं काही निघणं म्हणजे नवलच. प्रोग्रामर खुर्ची सरकवत बघायला आला.

तिने त्या मशीनभोवती शिंपिणीची खोली रचायला घेतली. मशीन खिडकीशी, उजेड सुईवर पडेल अशी. कपाट संचातलंच घेतलं, पण त्याचा रंग मशीनच्या फळीशी जुळवून घेतला आणि एक दार जरा ढिलं केलं. कापडाचे ढीग, खडूच्या खुणा आणि मशीनवर अर्धवट शिवलेला लहान मुलीचा फ्रॉक मात्र तिने स्वतः केला. फ्रॉकच्या गळ्यापायी तर तिने दोनदा सगळं पुसून नव्याने मांडलं. प्रोग्रामरने पायडल हलतं केलं. कुलूप उघडलं की शिंपीण आत येऊन शिवायला बसायची, आणि खेळणाऱ्याला हवं तर तिच्या जागी बसून तो फ्रॉक पुरा करता यायचा.

खोली पाहून कप्तानाने फ्रॉकची शिवण स्वतः मारून पाहिली. मग म्हणाला, "ही गेममधली पहिली खोली करू."

"कर. पण गेमच्या शेवटी जिथे आपली नावं येतात, तिथे मशीनवाल्याचंही यायला हवं."

"विकत घेतलेल्या मॉडेलला नाव द्यायची अट नाहीये."

"अट नाही म्हणून तर द्यायचं."

कप्तानाने हात वर केले. अक्काने त्या दुकानातून 'दोन सुया'ला निरोप धाडला आणि सोबत खोलीचा व्हिडिओ आणि आपला नंबर जोडला. उत्तर आलं नाही, थेट व्हिडिओ कॉलच आला. पडद्यावर एक दाढीवाला माणूस होता. मागे रिळांचे खण दिसत होते.

"ताई, ही मशीन मी पुष्कळांना विकली," तो म्हणाला. "गेममध्ये दिसतेही. कुठे भुताच्या बंगल्यात कोळिष्टकांत पडलेली असते, कुठे रक्ताने माखलेली. तिच्यावर बसून कोणीतरी शिवतंय, हे आज पहिल्यांदा पाहिलं." त्याने मागे वळून पाहिलं. "नाव घालायचंच असेल तर वडिलांचं घाला. मशीन त्यांची आहे. मी नुसती बघून केली."

त्याने फोन वळवला. वडील त्याच मशीनपुढे बसले होते. मनगटाखालची जागा तशीच चकचकीत. मुलाने त्यांना खोलीचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावून दिला. चष्मा वर-खाली करत त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"बाई, फ्रॉक कोणी शिवला?"

"मी शिवला, काका."

"गळा छान बसलाय. गळा सगळ्यांना जमत नाही."

अक्काला आजवर शाबासक्या कमी मिळाल्या नव्हत्या, पण या वाक्याने तिचा ऊर भरून आला.

गेम लोकांपुढे आला तो एका मोठ्या प्रदर्शनात. पहिल्याच दिवशी हेडफोन गळ्यात अडकवलेला एक तरुण शिंपिणीच्या खोलीत शिरला आणि लगेच म्हणाला, "ही मशीन मी आधी पाहिलीय. तयार मॉडेल आहे हे, दुकानातलं."

कप्तानाचा चेहरा पडला. अक्का मात्र पुढे झाली.

"हो, विकतचं आहे. ज्यांची मशीन आहे त्यांचं नाव शेवटी येतं, वाचून जा. आता बस आणि शिवून बघ."

तो बसला. पायडल लागलं, चाक फिरलं, फ्रॉकची शिवण पुढे सरकू लागली. मागे रांग वाढत गेली तरी त्याला फ्रॉक पुरा झाल्याशिवाय उठायचं नव्हतं. कप्तान त्याला उठवायला निघाला, तेव्हा अक्काने डोळ्यांनीच त्याला नको म्हटलं आणि ती रांगेतल्या माणसांना सांगत बसली, की मशीन एका शिंप्याची आहे, ती त्याच्या मुलाने घडवली आहे, आणि खोली अक्काची आहे.