आभाळ गार करणारं पिंप

बिबवेवाडीच्या मैदानावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. दुपारची झोप काढून, चहा घेऊन अख्खी वस्ती लोटली होती. गेले दोन दिवस चमत्कारच घडत होता ना! हवा गार करून देतो म्हणत आलेले दिग्विजयजी पिंपात चूर्ण पेटवायचे, पांढरा धूर वर जायचा आणि गार वारा सुटायचा.

“ऊन परतवणारं चूर्ण!” ते माइकवर गरजत होते. “परदेशात नुसता रिसर्च, आपल्याकडे माल रेडी! ग्लोबल वॉर्मिंग? बिबवेवाडीतून हद्दपार!” घसा बसत नव्हता, हाच काय तो खरा चमत्कार.

सत्यशीला व्यासपीठावर अवघडून बसली होती. जवळच्याच शाळेत ती शिकवायची. परवा तापलेल्या पत्र्याखाली चौथीतली मुक्ताई चक्कर येऊन पडली होती. वॉर्डाचा निधी त्या छपरासाठी ठरला होता. आता तो पिंपाला द्यायचा ठराव तिचे सासरे, वस्तीतलं वजनदार नाव असलेले हिंमतराव मांडणार आणि अनुमोदन सुनेनं द्यायचं. नाही म्हणावं तर सासऱ्यांची भर सभेत शोभा, हो म्हणावं तर मुक्ताईला काय तोंड दाखवायचं?

हिंमतरावांनी ठराव मांडला. “सूनबाई, अनुमोदन द्या.”

तिनं माइक घेतला. “बाबा, आज पिंप पेटवायला नको.”

“मॅडम, मग वारा येणार कसा?” दिग्विजयजी हसले.

“तेच बघू या.”

“बघा की! चहा झालाय आमचा,” मागून कुणीतरी म्हणालं.

थोड्याच वेळात मांडवाच्या झालरी फडफडल्या. पिंप थंड आणि वारा हजर! हशा पिकला.

“कालच्या चूर्णाचा असर!” दिग्विजयजी ओरडले.

“अहो, उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेची गार हवा घाट ओलांडून येतेच,” सत्यशीला म्हणाली. “आपण दुपारी दारं लावून झोपतो आणि वारा सुटायच्या वेळी बाहेर पडतो. हे तेवढी वेळ साधून धूर करतात. उद्या भर दोनला पेटवा बघू!”

“दोनला मुहूर्त नाही.”

“वारा येतोच ना? मग थोडा धूर असला तर बिघडलं कुठे?” एका पेन्शनरांनी अनुमोदन देत म्हटलं. हिंमतरावांनी सुनेकडे न बघता हात वर केला. त्यांचं मन कोण मोडणार? भराभर हात वर गेले. सत्यशीलाचा गेला नाही. ठराव मंजूर झाला आणि मुक्ताईच्या वर्गावर पत्रेच राहिले.

उद्या खरे शास्त्रज्ञसुद्धा आभाळ गार करायला सरकारी पैसा मागतील. खुशाल मागू देत. पैसा आपला आहे, तेव्हा हात वर करण्याआधी त्यांनाही एवढं विचारा: पिंप न पेटवता काय होतं, ते पाहिलंत का?