दोनदा मोजलेली जहाजं

माझं काम खाष्ट सासूचं. पुढच्या तिमाहीत देश किती डिझेल आणेल, किती बाहेर धाडेल, हे तिसऱ्या मजल्यावरचे पंडित आधी लिहून देतात. तिमाही संपली, खरा आकडा आला, की मी त्यांना दहापैकी गुण देते. दिलेले गुण बदलायचे नाहीत, हा नियमही माझाच. नाहीतर रोज कुणीतरी कुरकुरत दारात उभं!

या खेपेला एकट्या चष्मेवाल्याने लिहिलं होतं, आयात निम्म्यावर येईल, निर्यात थांबवा. आकडा आला तो भरघोस. मी त्याला शून्य दिलं, वर सुनावलंही, "उगाच बागुलबुवा उभा करू नका." माझ्या शून्यावर विसंबून साहेबांनी निर्यात चालू ठेवली.

आज जेवण झाल्यावर सहज बंदरांच्या याद्या चाळत बसले. एकच जहाज दोन याद्यांत. अर्धा माल एका बंदरात उतरवलेला, अर्धा दुसऱ्यात, आणि दोघांनीही अख्खं जहाज लिहिलेलं. अशी अकरा जहाजं निघाली. म्हणजे चष्मेवाला बरोबर होता, आणि साठा नव्हताच!

तशीच साहेबांकडे पळाले. ते म्हणाले, "बाई, नियम तुमचाच ना? आणि आता काय, शेवटचं जहाज सकाळीच गेलं बाहेर."

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन.

"ताई, लाइट गेली गं. आठाशिवाय येणार नाही म्हणतात. आईचं श्वासाचं मशीन जनरेटरवर लावलंय. वॉचमनकाका चार पंप फिरून आले, कॅन रिकामाच. टाकीतलं किती वेळ पुरेल? अंदाजे सांग ना, तुझं तर कामच ते."

माझं कसलं काम! मी नुसती दुसऱ्यांच्या चुका काढणारी. फोन कानाला तसाच धरून जिना चढले आणि चष्मेवाल्यापुढे जाऊन उभी राहिले. लाज वाटायलाही सवड नव्हती.

"टाकी केवढी? काटा कुठे आहे?" त्याने विचारलं. बहिणीने सांगितलं ते मी सांगत गेले. त्याने कागदावर आकडे मांडले, पुन्हा एकदा तपासले.

"साडेपाच वाजेपर्यंत," तो हळूच म्हणाला.

घड्याळात तीन वाजले होते. देवा, या माणसाला आज तरी खरोखरचं शून्य मिळू दे.