पानमळ्यात पायताण

मला गावात डिटेक्टिव्ह वैनी म्हणत्यात. म्हणू द्या. निमगाव केतकीच्या वाचनालयात रहस्यकथांचं एक कपाट हाय आन् त्यातलं एक बी पुस्तक म्या सोडल्यालं न्हाय. मालक वालचंदनगरला कारखान्यात, घरी येणार रविवारी. लेक दिली अकलूजला. मग मळ्यातलं काम उरकलं की दुपारी मी आन् पुस्तक. कुणाची शेळी हरवली, कुणाच्या हिरीवरची मोटार गेली, की येत्यात दात काढत, "वैनी, बगा की जरा!" मी बगते. बरोबर सांगते बी. पर कधी कुणी शाबास म्हणलं न्हाय.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. आजून आठवली की माझं डोकं तापतं, तवा मधी कुणी बोलू नका.

पानमळा म्हंजी आमचं देवघर. हादग्या-शेवरीवर चढल्यालं नागवेलीचं येल, खाली गार सावली. आमच्यात लेकरू चालाय लागलं की पयलं शिकवत्यात, ताटीपाशी पायताण काढायचं, मगच आत पाऊल टाकायचं. शिकवत्यात म्हंजी पाठीत धपाटा घालून. मग जलमभर त्या दारात पाय आपोआप थांबतो. हे आमच्या पानमळेवाल्यांत. बाकीच्या लोकांना कुठनं ठावं आसणार?

त्या दिवशी सकाळी ताटी उघडली आन् बघते तर सगळ्या येलांनी माना टाकलेल्या. बुडातनं कापल्यालं. एक येल सोडला न्हाय मेल्यानं! आदल्या सांजंला म्याच पाणी दिलेलं, माती मऊ, त्यात माणसाच्या अनवाणी पायाचे ठसे ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. मी ताटीपाशी मटकन खाली बसले. रडू आलं न्हाय. आसा संताप आला की दात वाजाय लागले.

बसल्या बसल्या दिसलं. ताटीच्या भाईर, पाटाचं पाणी फुटून चिखल झाल्याला, तितं पायताणाच्या जोडाचा ठसा. दोन्ही तळवे शेजारी शेजारी, नीट लावून ठेवल्यासारखे. तळव्याला नागमोडी नक्षी. म्या घमेलं उचललं आन् त्यावर पालथं घातलं. पुस्तकं वाचून लागलेली खोड, दुसरं काय. मग बोंब ठोकली.

लोक पळत आले, घरातनं सासूबाई बी. पयले आले माझे धाकटे दीर, सर्जेराव. येल बघितले आन् कपाळावर हात मारला. "वैनी, ह्ये त्या म्हस्क्याचंच काम!"

म्हस्कू म्हंजी आमच्या बांधाला लागून ऱ्हाणारा धनगर. बापजाद्यांनी मेंढरामागं मुलूख पालथा घातला. ह्यानं निम्मी मेंढरं इकून सडकेकडंची धा गुंठे जागा घेतली, घर बांधलं, बायकोला म्हाळसाला म्हणला, आता आपलं बिऱ्हाड घोड्यावर न्हाय चढायचं. आठ दिवसांमागं त्याच्या मेंढरांनी माझ्या कुंपणाची शेवरी खाल्ली हुती. मी भांडले. लई भांडले, अख्ख्या गावानं ऐकलं. पर मी भांडत न्हाय आसं एक माणूस गावात दाखवा की!

तेवढं पुरलं. पोलीस पाटील बापूसाहेबांनी इंदापूरला निरोप धाडला. फौजदाराची जीप येईस्तवर म्हस्कूचे हात माझ्याच पोहऱ्याच्या दोरानं बांधून त्याला लिंबाखाली बसवला. म्हाळसा हात जोडून एकेकाच्या पाया पडत हुती. तिच्याकडं कुणी बघंना.

म्या पाटलांना म्हणलं, "आवो, म्हस्कूनं कशावरनं?"

"तुझंच तर भांडण झालं हुतं, इजयमाला!"

"माझं भांडण तुमच्याशी बी झालंय शिमग्यात. तुमी कापले का येल?"

लोक हसले. पाटील न्हाय हसले.

मग सर्जेराव पुढं आले आन् लई गोड आवाजात म्हणले, "पाटील, गरिबाला जेलात घालून काय मिळणार? त्यानं गाव सोडावं, केस आमी करत न्हाय. जागा मी इकत घेतो, त्याला उपाशी मरू देणार न्हाय." सगळ्यांनी माना हालवल्या. कुणी म्हणलं, देवमाणूस हाय सर्जेराव. आन् माझ्या काळजात एकदम चर्र झालं. सडकेला ढाबा टाकायचा म्हणून हा माणूस वरीसभर म्हस्कूच्या मागं लागला हुता आन् म्हस्कू न्हाय म्हणत हुता, ह्ये घरात मला सोडून कुणाला ठावं हुतं?

तरी मन घेईना. ह्या दिराला म्या माझ्या हातानं ताट वाढलंय, लग्नात त्याला हळद लावलीय. आपल्याच भावजयीचा मळा कोण कापंल? पर पुस्तकात आपल्या माणसाला सूट नसती. आन् मला एवढं कळत हुतं की ज्यानं येल कापायला जाताना पायताण काढून ताटीभाईर नीट लावून ठेवलं, त्यो परक्या घरचा न्हाय. त्यो पानमळ्यात धपाटे खाऊन वाढल्याला हाय.

जीप आली. फौजदार जवान, घाईतला. मी म्हणलं, "सायेब, न्यायच्या आधी समद्यांनी एकदा आत चला. नुसकानी डोळ्यांनी बगा."

"बाई, येळ न्हाय."

"माझा मळा मेलाय. मयताला येळ काढत्यात माणसं!"

निघाले सगळे. आन् बगा आता, मळ्यात काय उरलं न्हवतं, नुसतं लोंबकळणारं पान, तरी ताटीपाशी आल्यावर एकेक जण थांबला. पाटील थांबले, त्यांचा भाऊ थांबला, सर्जेराव थांबले. कुणी इचार केला न्हाय. पायताणं निघाली आन् ताटीच्या कडंला रांगंत लागली. बुटासकट आत गेला त्यो एकटा फौजदार, सायेबाला कोण बोलणार? आन् त्याच्या मागं, दोर धरून वढत आणल्याला म्हस्कू. पायात जाड नालाच्या वहाणा, तशाच त्यानं आत पाऊल टाकलं.

"ए ऽ!" सर्जेराव खेकसले. "पायताण काढ की! पानमळा हाय, लाज न्हाय का?"

म्हस्कू गांगरला. बांधल्या हातांनी वाकाय लागला. "काढायचं आसतं व्हय? मला ठावं न्हवतं, मालक."

 मी समद्यांच्या तोंडांकडं बघत ऱ्हायले. आता तरी कुणाच्या ध्यानात येईल, कुणी बोलंल म्हणून बघत ऱ्हायले. समदे पानमळेवाले, समद्यांना समजलं हुतं, तोंडं सांगत हुती. एकानं तोंड उघडलं न्हाय. मग मीच उघडलं.

"ऐकलंत न्हवं? ह्येला ठावं न्हवतं! आन् काल हितं कोण नाचलं ते बगा खाली, समदे ठसे अनवाणी. ह्यो आत्ताचा सोडून नालाचा एक ठसा दावा मला, मी आत्ता गाव सोडते."

"अंधारात आवाज हुईल म्हणून काढली आसतील," सर्जेराव म्हणले.

"व्हय का? मग भाईर या."

भाईर येऊन म्या घमेलं उचललं. नागमोडी ठसे तसेच हुते. रांगंतली एकेक चप्पल उचलून तळवा बघत गेले. मेव्हण्याच्या लग्नाला बारामतीतनं आणलेली सर्जेरावांची नवी सँडल हातात आली. उलटी केली. ठशात ठेवली. चपखल बसली.

"सकाळीच उमटला आसंल," पाटील पुटपुटले.

"तुमी कुणी यायच्या आधी म्या घमेलं झाकलंय, पाटील. भावजी, तुमीच सांगा समद्यांना. धा गुंठ्याच्या ढाब्यापायी भावाच्या घरावर कोयता चालवला का न्हाय?"

 सर्जेरावांची मान खाली गेली, तीच कबुली.

पुस्तकात हितं शेवट आसतो. चोर सापडला, बाकीची माणसं च्या प्यायला मोकळी. आमच्या गावात तितनंच पुढं नाटक सुरू होतं. पाटील खाकरले, म्हणले, "आसं हाय का! मग घरचा मामला हाय, घरात मिटवा." फौजदारानं घड्याळ बघितलं. माणसं चपला घालाय लागली. सासूबाई मधी आल्या, पदर पसरून म्हणल्या, "इजे, माझा ल्योक हाय त्यो. पोटात घाल."

आगं आई गं! मगाशी म्हस्कू बी कुणाचा तरी ल्योकच हुता न्हवं? त्याला घरचा मामला न्हवता? त्याला दोर, त्याला जीप, त्यानं गाव सोडावं, आन् आमच्याला पोटात घाल? म्हस्कूचा दोर आजून कुणी सोडला न्हवता. म्याच सोडला. मनगटं वळ उठून लाल झालेली.

"थांबा, सायेब," म्हणलं. "जीप माणूस न्यायला आणली हुती न्हवं? मग रिकामी कशी नेता?"

"बाई, उगा घराण्याची आब्रू..."

"माझी आब्रू हाय, मी बघते."

आन् जाऊन जीपमधी मागच्या बाकावर बसले. लुगड्याचा काष्टा खोचून, दांडी धरून बसले. "त्यो बसत न्हाय तवर मी उतरत न्हाय. ढकलून काढायचं आसंल तर काढा, समद्या गावापुढं."

ड्रायव्हर फौजदाराकडं बघाय लागला. फौजदार पाटलाकडं. शेवटी फौजदारानंच हात केला आन् सर्जेराव येऊन माझ्या समोर बसले. माझ्याकडं बघितलं न्हाय. सासूबाई दातओठ खात म्हणल्या, "आता घराचा उंबरा वलांडायचा न्हाय."

"घरपट्टीवर नाव माझ्या नवऱ्याचं हाय," म्या म्हणलं. आन् दांडी आजून घट धरली.

फौजदारानं इचारलं, "साक्षीला कोण येतंय?"

समद्यांनी बघितलं हुतं. सँडल ठशात बसली तवा मुंडक्याला मुंडकं लावून बघितलं हुतं. पाटलांना म्हशीची धार आठवली, पाटलांच्या भावाला उसाला पाण्याची दारं धरायची आठवली. रामहरी हुता, त्याच्या हरवलेल्या शेळीचा पत्ता म्या लावलेला, त्यो तर माघारी वळून चालाय बी लागला.

"मी येतो," म्हस्कू म्हणला.

मनगट चोळत आला आन् सर्जेरावाच्या शेजारी आंग चोरून बसला. म्हाळसा लिंबाखाली उभी ऱ्हायली. जीप सुरू झाली. अख्ख्या गावानं बघितल्यालं, आन् इंदापूरला निघालो आमी तिघंच.